गुळगुळीत पाठीचं प्रकरण

करवीरात चोऱ्या का होत नाहीत? तर हंबीरराव आहेत म्हणून. हे आम्ही नाही म्हणत, हंबीररावच म्हणतात. नुसत्या वासावरून गुन्हेगार ओळखणारा आणि मांजराच्या पावलानं चालणारा असला गुप्तहेर उभ्या दख्खनेत झाला नाही, हेही त्यांचंच मत. आता त्यांची पायताणं दोन गल्ल्या अलीकडून करकर वाजायची, ती गोष्ट वेगळी. संस्थान होतं तोवर ते जकात नाक्यावर लोकांची गाठोडी हुंगायचे. संस्थान विलीन झालं, नाका गेला, नाक तेवढं राहिलं.

त्यांचा मदतनीस म्हणजे मेहुणा आकाराम. बिचारा सायकलींची पंक्चरं काढून सुखानं जगला असता. पण बहीण त्या घरात दिलेली, बोलणार काय?

त्या संध्याकाळी आकारामच्या दुकानात माधवराव मास्तर आले ते रडवेले होऊनच. सहामाहीच्या इतिहासाच्या पेपरात त्यांनी एक नवाच प्रश्न घातला होता. लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीला कोरीव दगड उभा करतात, वीरगळ म्हणतात त्याला. तसल्या एका दगडाचं चित्र त्यांनी फळ्यावर काढलं आणि खाली लिहिलं, ‘या ऐतिहासिक साधनाचे परीक्षण करा.’ दगड मास्तरांनी स्वतः शोधलेला, कुठल्या पुस्तकात नसलेला. चित्र फक्त पुढच्या बाजूचं. आणि अख्ख्या वर्गानं लिहिलं होतं, ‘दगडाची मागची बाजू गुळगुळीत आहे.’

“मग? हाय का गुळगुळीत?” आकारामनं विचारलं.

“मला काय माहीत? मागं शेण होतं. धोतर धुतलेलं, मी गेलोच नाही.” मास्तरांनी कपाळ पुसलं. “हेडमास्तर म्हणतात पेपर फुटला, आणि तो माझ्याच घरातून. माझी नंदिनी त्याच वर्गात आहे ना! उद्या शाळा भरायच्या आत खुलासा द्या, नाहीतर राजीनामा द्या म्हणाले. या वयात मी दुसरं काय करू हो?”

आकाराम शेजारी बसलेल्या हंबीररावांकडं वळला. तो म्हणाला, “दाजी, आदी दगड बघून येऊया की.”

“खुळा का काय तू?” हंबीरराव गरजले. “दगड कुटं पळून जातोय व्हय? पळतोय त्यो गुन्हेगार! मास्तर, तुमी झोपंत बडबडताय?”

“बडबडतो. पण फक्त सनावळ्या, असं मंडळी म्हणतात.”

“बास! पोरगीनं ऐकलं.”

“सनावळीत दगडाची पाठ कुठून येणार?” मास्तर म्हणाले.

हंबीररावांनी तो तर्क सोडला आणि मास्तरांचं घर गाठलं. खिडकीखाली एक संशयित पाऊल सापडलं. ते त्यांचंच निघालं. मग त्यांनी परसातली माती हुंगली आणि डोळे मिटून जाहीर केलं, “ह्यात सांगलीकरांचा हात हाय.”

“सांगलीकरांना सहामाहीचा पेपर कशाला?” आकाराम म्हणाला.

“त्येच तर रहस्य हाय!”

सकाळ उजाडली तरी खुलासा नाही. मास्तर तर खिशात राजीनामा घालूनच आले. हंबीरराव म्हणाले, “रिकाम्या पोटी तर्क नासतो. चला, दूध पिऊया.” आणि तिघे बोळातून सयाजीच्या दूधकट्ट्याकडे निघाले. तिथं म्हशी रस्त्यातच उभ्या असतात, आणि गिऱ्हाइकाच्या पेल्यात समोरच धार काढून देतात. मास्तर जन्माचे चहावाले, त्यांनी भरलेला कट्टा कधी पाहिलेला नव्हता.

बोळाच्या तोंडाशी मास्तर थबकले. “अहो, हाच माझा वीरगळ!”

“गप ओ, म्हशी बुजतील,” हंबीरराव म्हणाले.

मास्तरांनी ऐकलं नाही. धोतर वर खोचलं, थेट शेणात पाय घातला आणि दगडाला वळसा घातला. पलीकडं अर्धा वर्ग पेले घेऊन रांगेत उभा होता. त्यात नंदिनीही होती.

“घरी नुसता चहाच असतो,” ती खाली बघून म्हणाली.

आणि दगडाला पाठ लावून, डोळे मिटून, डावी-उजवीकडं झकास घासत उभे होते साक्षात हेडमास्तर. ओठांवर दुधाची मिशी. मास्तरांना बघताच ते दचकून बाजूला झाले, तशी मागं ताटकळलेल्या म्हशीनं लगेच आपली पाठ दगडाला लावली.

“तर असा गुळगुळीत होतो होय!” मास्तर म्हणाले. “सर, पेपर फुटला नाही. पोरं रोज इथं येतात. चित्र बघून दगड ओळखला त्यांनी.”

“मी नाही ओळखला,” हेडमास्तर पुटपुटले. “मी याचं तोंड कधी पाहिलंच नाही.”

“मी कवाच ताडलंतं!” हंबीरराव पुढं सरसावले. “गुन्हेगार म्हैस हाय!”

“दाजी, दूध प्या,” आकाराम म्हणाला.

हेडमास्तरांनी मास्तरांना कोपऱ्यात घेतलं. आवाज एकदम मऊ झालेला. “राजीनाम्याचं विसरा. पण त्या उत्तरांत पुढं एक वाक्य आहे, ‘एक जाडे गृहस्थ या दगडावर रोज पाठ खाजवतात.’ काल वाचून मीच हसलो होतो. तेवढं खोडून टाका.”

मास्तरांनी खिशातला राजीनामा काढला, त्याला पायाचं शेण पुसलं आणि पेला सयाजीपुढं धरला.

“सर, डोळ्यांनी पाहिलेला पुरावा आहे. त्याला मी पैकीच्या पैकी मार्क देणार.”