शांतवनरावांचा कढी-भात

शांतवनरावांशी बोलायला उभं राहिलं की थोड्या वेळानं त्यांचा उजवा हात पोटासमोर गोल फिरू लागायचा, जात्याचा खुंटा धरल्यासारखा. तोंडानं हळूच चालू असायचं, "कढी-भात, कढी-भात." नवख्याला वाटायचं, यांना भूक तरी लागलीय नाहीतर वेड तरी. मी देवळालीच्या दवाखान्यात नर्स. मला आधी दुसरीच शंका आली होती.

तसं काही नव्हतं. शांतवनराव सिनेमा काढायचे. हातानं दांडा फिरवायचा कॅमेरा. सेकंदाला बरोबर दोन फेरे बसायला हवेत. 'कढी'ला एक, 'भात'ला एक. समोरचं काही नजरेत भरलं की हात आपोआप चालू. चर्चमध्ये पाळकसाहेबांच्या उपदेशाला मात्र तो कधी फिरलेला मी पाहिला नाही.

सिनेमा म्हणजे गाण्याबजावण्याचा नव्हे. विहीर कशी खणावी, खरूज कशी टाळावी, असली मुकी चित्रं. नगरला बोलपट येऊन जुने झाले, तरी ते आणि त्यांचा धाकटा भाऊ प्रभाकर बाजारच्या गावी पडदा लावून हीच दाखवायचे. बारा वर्षं दोघांनी मिळून तालुक्याला खरूज दाखवली. खरूज कमी झाली नाही, हे मी खात्रीनं सांगते.

मग भांडले. कारण एक रेडा. रेडा शिंगं खाली घालून कॅमेऱ्यावर धावून येत होता आणि ऐन वेळी प्रभाकरनं चित्र थांबवलं.

"माझा रेडा घालवलास तू," शांतवनराव म्हणाले.

"दादा, रेड्यानं तुलाच घालवलं असतं," प्रभाकर म्हणाला.

एवढ्यावरून हे दोन शहाणे वेगळे झाले. थोरल्यानं कॅमेरा घेतला, धाकट्यानं चित्र दाखवायचं यंत्र, तेही हातानं दांडा फिरवायचंच, आणि पडदा. एकाकडे जातं, दुसऱ्याकडे खुंटा. प्रभाकर सासुरवाडीला तिसगावात जाऊन राहिला आणि सायकल विकून कुठूनसा दुसरा कॅमेरा घेऊन आला. "आता ज्याचं त्याचं," असं दोघंही मला वेगवेगळे येऊन सांगून गेले. जशी काही मी वाटणीला पंच होते.

तिकडे जर्मनीशी लढाई चालू होती. कॅमेऱ्यात घालायची फिल्म मिळेना. शांतवनरावांकडे एकच डबा उरला, सहा मिनिटांचा.

"सिस्टर, यात असं चित्र काढतो की नाव राहील," ते म्हणाले. "ऊस चरकात जातो तिथनं गुळाची ढेप निघंपर्यंत. माझ्या एकट्याचं."

चित्र काढायच्या दिवशी गुऱ्हाळावर मी गेले ती गूळ रांधणाऱ्याचा भाजलेला हात बांधायला. शांतवनराव तिपाईमागे वाकलेले, डोळा कॅमेऱ्याला. चरकाचे बैल फिरत होते, यांचा हात फिरत होता. कढी-भात. मी पट्टी बांधली, हात धुतले, पेलाभर रस प्याले, तरी बैलच. शेवटी कॅमेऱ्यात खडखडलं. डबा संपला. गूळ रांधायच्या काहिलीत अजून रससुद्धा पडला नव्हता.

"सगळी फिल्म बैलांवर घालवलीत?" मी विचारलं.

"मी वाट बघत हुतो."

"कसली? बैल गूळ देणार होते?"

ते तिपाईचे पाय मिटत राहिले. "डोळा आत घातला की बाकीचं कळत न्हाई, सिस्टर. कुठं थांबायचं ते परभ्या बघायचा. पाठीवर दोन थापा मारायचा, मग मी थांबायचो."

"बारा वर्षांत स्वतःचं स्वतः थांबायला शिकला नाहीत?"

"गरज न्हाई पडली."

मला दयाबिया काही आली नाही. मला देवीची लस टोचून घ्यायला माणसं हवी होती. लस म्हटलं की बाया पोरांना घेऊन उसात पळायच्या. सिनेमा म्हटलं तर येतील. मी प्रभाकरला कार्ड टाकलं, यंत्र घेऊन ये, तुझं चित्र दाखव. शांतवनरावांना सांगितलं, मुंबईहून धुऊन आलेली फिल्म घेऊन या. एकाचं दुसऱ्याला सांगितलं नाही. मला गर्दी हवी होती, रुसवे नकोत.

दुपारी शाळेच्या खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या बांधल्या. लस टोचणारा बाहेर ओसरीवर बसवला. दोघा भावांनी एकमेकांना पाहिलं.

"आलास?"

"यंत्र आणलंय."

बोलणं संपलं.

आधी प्रभाकरचं चित्र. बाई हंडा उचलते, गेली. म्हातारा शिंकायला तोंड वर करतो, गेला. "आरं, शिंकू तरी दे की त्याला," मागून कोणी म्हणालं. एकाला थांबता येत नव्हतं आणि दुसऱ्याला थांबवण्यापलीकडे काही येत नव्हतं.

मग बैल. पहिलं मिनिट लोकांनी आदरानं पाहिलं. दुसऱ्याला हसू फुटलं. "बैलं दमली, आता आमाला जुंपा," एक म्हातारी म्हणाली. तिसऱ्या मिनिटाला बाया पोरं उचलून आपण होऊन लस टोचून घ्यायला बाहेर गेल्या. माझ्या नोकरीत असं कधी घडलं नव्हतं.

बाप्येही त्यांच्या मागोमाग उठले. खोलीत आम्ही तिघंच उरलो. शांतवनराव पुढच्या बाकावर ताठ बसलेले, मागे न बघता. मांडीवर त्यांचा उजवा हात फिरत होता.

"सिस्टर, जरा धरा," प्रभाकर म्हणाला आणि यंत्राचा दांडा माझ्या हातात देऊन पुढे गेला. भावाच्या मागे उभा राहिला. मग त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या.

हात थांबला.

प्रभाकर बाकावर टेकला, थोरल्यानं न बघताच थोडं सरकून जागा दिली. पडद्यावर बैल फिरतच होते. माझ्या मागे कोणी उभं नव्हतं, तेव्हा मी फिरवत राहिले; आणि वेग चुकू नये म्हणून तोंडानं, हळूच, कढी-भात, कढी-भात.