टिकल्यांचा नकाशा

मी सातवी पास. पण नकाशा वाचण्यात माझा हात धरणारं माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात नाही, असं मी या मे महिन्यात छातीठोकपणे सांगत होते. आमच्या ह्यांना सांगितलं, बचत गटात सांगितलं, पिठाच्या गिरणीवरसुद्धा सांगितलं!

झालं असं, की आमचं जुनं गाव धरणात गेलं त्याला पस्तीस वर्षं झाली. आम्ही राहतो ते पुनर्वसनाचं गाव. यंदा धरण इतकं आटलं, की जुन्या घरांची जोती उघडी पडली. आणि शेजारच्या कस्तुराबाईंनी ध्यास घेतला. पुढच्या सोमवारी मुलगा त्यांना कायमचं पुण्याला नेणार होता.

"वैजयंती, जायच्या आंदी माह्या उंबरठ्यावर हळद-कुंकू वाह्यचं हाय वं. पण तिथं तं सारा गाळच गाळ. मले माहं घर कसं सापडन?"

"मी आहे ना!" मी म्हणाले.

मंगरूळपीरच्या कचेरीत तीन चकरा मारून जुन्या गावठाणाच्या नकाशाची नक्कल आणली. घरमालकांची यादीही आणली. पण नक्कल चादरीएवढी! धरणाच्या वाऱ्यात तिचा पतंग झाला असता. मग मी डोकं चालवलं. कुरडया वाळवायचा आरपार दिसणारा प्लास्टिकचा कागद तिच्यावर अंथरला आणि मार्करने देऊळ, गल्ली, घरं हव्या तेवढ्या भागापुरती उतरवून घेतली. नावं लिहायचा कंटाळा, म्हणून टिकल्या चिकटवल्या. कस्तुराबाईंच्या घरावर लाल, समोरच्या हिरीबाईंच्या घरावर हिरवी. एवढी अक्कल सरकारला कधी सुचली का?

हो, हिरीबाईही निघाल्या होत्या. दोघी तेव्हा समोरासमोर राहायच्या. मोरीच्या पाण्यावरून भांडल्या आणि बोलणं बंद झालं. गाव बुडालं, मोरी बुडाली, भांडण तेवढं पोहत नव्या गावात आलं! जगदेवच्या ऑटोत दोघींच्या मधे मला भिंतीसारखं बसवलं होतं.

गाळात देवळाचा चौथरा तेवढा शाबूत होता. त्याच्याकडे तोंड करून मी ऐटीत कागद उलगडला.

"लाल टिकली डाव्या हाताला, हिरवी उजव्या!"

कस्तुराबाई थबकल्या. "काहून वं? माहं घर तं उजव्या अंगाले होतं."

"पस्तीस वर्षं झाली, कस्तुराबाई. माणूस विसरतं. नकाशा विसरत नाही!"

हे वाक्य मला इतकं आवडलं, की मी ते दोनदा म्हटलं.

हिरीबाईंनाही शंका आली होती, तोंडावर दिसत होती. पण कस्तुराबाईंच्या हो ला हो म्हणण्यापेक्षा त्यांनी धरणात उडी घेतली असती. "नकाशा बराबर हाय!" त्यांनी मला ठणकावलं.

मग काय! कस्तुराबाई डावीकडच्या दगडावर कोसळल्या. "माय वं माय! हाच वं माहा उंबरठा!" हळद-कुंकवाच्या दोन्ही पुड्या रित्या केल्या, दगडाचे मुके घेतले. उजवीकडे हिरीबाईंनी त्याहून वरचा सूर लावला. इकडे हुंदका, की तिकडे हंबरडा! काठावरचे बगळे उडाले. जगदेव ऑटो सोडून धावत आला, "कोन गेलं?" म्हणत!

रडून रडून हिरीबाईंची टिकली वाहून गेली.

"मोकळ्या कपायानं कशी फिरू? ते नकाशावरची हिरवी दे, बाई."

मी नख लावलं. निघेना. खरवडलं. निघेना! हिरीबाईंनी कागद हातात घेतला.

"हे तं खालच्या अंगानं चिकटली हाय वं!"

मी कागद पालटला. टिकली अलगद नखावर आली. आणि गल्लीची डावी बाजू उजवीकडे गेली.

इतका वेळ मी कागद पालथा धरला होता! कसंबसं सांगितलं.

कस्तुराबाई थंडपणे म्हणाल्या, "म्हंजे मी हिरीच्या उंबरठ्याचे मुके घेतले?"

"अन् मी तुह्या!" हिरीबाई किंचाळल्या. पस्तीस वर्षांतलं पहिलं वाक्य!

"माहं सारं कुंकू तुह्या दारात गेलं!"

"मंग? मी का सुकी रडली? नाक शिंकरलं मी तुह्या दारात!"

"ते तं तू आंदीपासूनच करत होती!"

आणि दोघी एकदम फसकन हसल्या. जगदेव माझ्याकडे बघून मान हलवत परत गेला.

कस्तुराबाई गल्ली ओलांडून आपल्या खऱ्या उंबरठ्याशी उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "रडू येऊनच नाही राह्यलं वं. सारं तिकडंच सांडलं. कुंकूही नाही अन् रडूही नाही."

माझी मान वर होईना. हिरीबाई मात्र परत गेल्या, आपल्या दारातलं हळद-कुंकू चिमटीचिमटीने गोळा केलं आणि आणून कस्तुराबाईंच्या तळहातावर ठेवलं. "घे. तुहंच हाय. रडू मात्र वापस नाही देत."

कस्तुराबाईंनी ते वाहिलं. पदराने दगड पुसला, टेकवला माथा. दोघींचे डोळे कोरडे. आणि काय सांगू, माझाच बांध फुटला! हुंदके, उचक्या, शेंबूड, सगळं!

दोघी दोन बाजूंनी आल्या आणि माझ्या पाठीवर हात फिरवू लागल्या.

"उगी, उगी," कस्तुराबाई म्हणाल्या, "तू कायले रडतं वं, बाई? तुहं तं घरच नोतं इथं!"

खरंच की! मी लग्न होऊन आले, तेव्हा या गावावर पाच वर्षांचं पाणी होतं.