लटारीभाऊची कॉफी

ये गं, अशी जवळ सरक. तो मोबाईल आधी पालथा ठेव. दर हिवाळ्याला मोहर्लीला येतेस, जिप्सीत बसतेस, वाघ दिसला नाही म्हणून तोंड पाडून परत जातेस. माझ्या दारावरून धूळ उडवत जाताना एकदा हात तरी दाखवावा की नाही? वाघ काही तुला ओळखत नाही बाई, मी ओळखते. बरं, राहू दे. आज तुला आमच्या शेजारच्या लटारीभाऊंची गोष्ट सांगते.

हा माणूस झाडाचं फळ कधी तोडत नाही. सारा जन्म तळ्यातले मासे धरण्यात गेला, अन् म्हातारपणी अंगणात कॉफी लावून बसलेत. हसू नको. खरीखुरी कॉफी, चार झुडपं, न्हाणीच्या पाण्यावर वाढवलेली. फळं लाल झाली की भाऊ खाली जुनं लुगडं अंथरतात, बाजूला खाट टाकतात अन् वाट पाहतात. मोहफुलं कशी, पडलेली वेचतो आपण, तसंच.

"भाऊ, तोडून घ्या की," मी म्हटलं.

"आपा, मोह कोनी तोडते का? झाड सोडन तेच आपलं. घाई कायची जी?"

मी शिलाईवाली, सगळं गाव मला आपा म्हणतं. झाडातलं मला काय कळतं?

तोवर निम्मी फळं वानरं नेतात. उरलेली लुगड्यावर पडतात ती काळी, सुरकुतलेली. ती भाऊ वाळवतात, कुटतात, तव्यावर पार कोळसा होईस्तोवर भाजतात अन् येईल त्याला पाजतात. मी एकदाच प्याले. दुसऱ्या दिवशीही जीभ गिऱ्हाइकाशी धड बोलेना. पोस्टमन तर त्यांचं टपाल आता माझ्याकडेच टाकून पळतो.

ही रोपं आणली त्यांच्या पोरानं, रवीनं. माशांवर भागेना म्हणून तो कर्नाटकात कॉफीच्या मळ्यात मजुरीला गेला. एका होळीला रोपं ओल्या पोत्यात गुंडाळून घेऊन आला, अन् तेव्हापासून नुसता फोन येतो. भाऊंनी मनाशी धरलं, की इथंच कॉफी पिकली तर पोरगा तिकडं कशाला राहील? बाप-लेक मिळून करू. सगळा खटाटोप तेवढ्यासाठी.

मागच्या हिवाळ्यात कॉलेजची सहल आली. ग्रामीण संस्कृती अन् शाश्वत पर्यटन शिकायला आलेली पोरं. तसं बसवर लिहूनच होतं. जंगलाच्या दारात कॉफी, हे सरांच्या कानावर गेलेलं. भाऊ आदल्या दिवशी सदऱ्याची बटनं लावून घ्यायला आले.

"आपा, शिकेल मास्तर येऊन राह्यला. चालन म्हनला का रवीले बोलावूनच घेतो."

सरांनी आल्या आल्या भाऊंच्या हातात जाळं दिलं. "काका, जरा फेकायची पोज द्या ना."

"तळं तं तिकडं हाय जी. इथी काय कोंबड्या धरू?"

पोरं हसली. फोटो निघाले. मग कॉफीचे गिलास फिरले. एक जण "ऑथेंटिक!" म्हणाला अन् त्यानं आपला गिलास हळूच माझ्या जास्वंदीच्या मुळाशी ओतला. जास्वंद अजून रुसलेली आहे.

भाऊंनी सरांना गाठलं. "मास्तर, खरं सांगा जी. हे चालन का इथी?"

"अप्रतिम, काका! ही परंपरा अशीच जपा," सर म्हणाले अन् त्यांनी घड्याळ पाहिलं. जेवण रिसॉर्टवर होतं ना! कालपरवा पोत्यातून आलेली रोपं, अन् परंपरा म्हणे. भाऊंनी साऱ्या पोरांसाठी झिंगे-भात रांधून ठेवला होता. झाकण कोणी उघडलं नाही.

एक पोरगी मागं राहिली. तिच्या घरचा कॉफीचा मळा होता, रवी राहतो तिकडच्याच डोंगरात. तिनं गिलास पिऊन रिकामा केला होता.

"दादाजी, बुरा मत मानिए. फल लाल रहते ही तोड़ना पड़ता है. पर तोड़ोगे, तो भी यहाँ नहीं होगी. धूप बहुत है."

मला वाटलं, आता भाऊ भडकतात. त्यांनी भलतंच विचारलं.

"तिथी ऊन नाई का वो बाई?"

"नहीं. कॉफी बड़े पेड़ों के नीचे होती है. छाँव में ही काम चलता है."

"मजुरालेबी सावली?"

"हाँ, उनको भी."

"दिवसभर?"

"दिनभर, दादाजी."

बसचा भोंगा वाजत होता. तिनं भाताचं झाकण काढून उभ्या उभ्या दोन घास खाल्ले, भाऊंच्या पाया पडली अन् पळाली.

मग भाऊंनी माझ्याकडून फोन लावून घेतला.

"रव्या, इथी नाई होत बे कॉफी. तू तिथीच राय... नाई नाई, मी बरा हाय. मले काय होते?" फोन माझ्या हाती देऊन म्हणाले, "आपा, पोराले लहानपनापासून ऊन सोसत नाई. लगेच नाकातून रगत येते."

तेवढं बोलून भातावर झाकण ठेवायला आत गेले, ते त्या दिवशी बाहेर आलेच नाहीत.

सहल यंदाही आली. भाऊंच्या दारावरून सरळ रिसॉर्टला गेली.

तू मात्र जा त्यांच्याकडं, बाई. वाघ एक फेरा राहू दे. भाऊ विचारतील, "जेवन झालं का जी?" तर झालं असलं तरी नाही म्हण अन् बस त्यांच्या ओट्यावर. पण लवकर जा हं, भाऊ आता थकलेत.