साळोबाची आंघोळ

बाई चार दिवसांसाठी बहिणीकडे गेल्या आणि जाताना शाळेच्या प्रयोगशाळेतलं सी अर्चिन नवऱ्याच्या हवाली करून गेल्या. समुद्रातलं साळिंदरच ते; लिंबाएवढं, अंगभर आखूड पांढरे काटे. बाई त्याला साळोबा म्हणायच्या. नवरा ऑफिसात हेडक्लार्क. टेबलावर टाचणीसुद्धा तिरकी खपत नसे (टाचणीची मात्र कधी तक्रार नव्हती).

त्याने ठरवलं, पाहुण्याला जरा प्रसन्न वाटू दे. काचेची टाकी उचलून उन्हाच्या खिडकीत ठेवली. तासाभराने बघतो तर काय, साळोबाच्या डोक्यावर टाकीच्या तळातल्या शिंपल्यांचा आणि खड्यांचा ढीग!

"अरेरे, बाईमाणूस घरात नाही तर काय ही अवकळा!" असं म्हणत त्याने रबरी हातमोजे चढवले आणि चिमट्याने एकेक शिंपला हलकेच काढून टाकीच्या कोपऱ्यात रचला. चहा पिऊन आला, तर ढीग पुन्हा जागच्या जागी. पुन्हा काढला. सुट्टीचे दोन्ही दिवस हेच. तिसऱ्या दिवशी त्याने ऑफिसला दांडी मारली. साळोबाही जिद्दीचा. शेवटी घाबरून त्याने बाईंना फोन लावला.

"अगं, साळोबाला काहीतरी झालंय. घाण अंगावर ओढून घेतो. आठ वेळा साफ केला!"

"टाकी कुठे ठेवलीय?"

"उन्हात. छान उजेड आहे."

"अहो, त्याला ऊन सोसत नाही! काट्यांमधून बारीक नळ्यांसारखे पाय असतात, त्यांनी तो शिंपले धरून अंगावर पांघरतो. ती घाण नाही, छत्री आहे त्याची!"

हेडक्लार्कने फोन ठेवला. तीन दिवस एका मुक्या जिवाची छत्री हिसकावत होतो आपण! त्याने टाकी सावलीत नेली, काढलेले शिंपले एकेक करून साळोबाजवळ ठेवले आणि समोर स्टूल घेऊन बसून राहिला. बऱ्याच वेळाने साळोबाने एक शिंपला उचलला, तेव्हा हेडक्लार्कचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. साळोबा ठणठणीत होता. सगळी हकिगत ऐकून त्यांनी निरीक्षणाच्या वहीत लिहिलं, 'स्वभावाने प्रेमळ. अतिशय चिकाटीचा. समज बेताची.'

"बिचारा साळोबा," हेडक्लार्क हळहळला. "समजेचं नसतं लिहिलंस तरी चाललं असतं."

"साळोबाचं पान पुढे आहे," बाई म्हणाल्या.