मुक्ताआत्याचं जन्मसाल

आपला निर्वंश झाल्याचं चिंतामणरावांना पोहे खाताना कळलं. त्यांच्या साताऱ्याच्या चुलतभावाने, नानांनी, बरीच खटपट करून घराण्याची वंशावळ छापली होती आणि तिची एक प्रत सांगलीला पाठवली होती. तीत चिंतामणरावांच्या वडिलांच्या नावाखाली एक आखूड रेघ होती आणि रेघेखाली बारीक अक्षरात छापलं होतं, 'निर्वंश'.

"शरयू, हे वाच," ते म्हणाले.

शरयूताईंनी चष्मा लावून वाचलं. "अगंबाई. म्हणजे आपण नाहीच की."

"नाही कसे? मी इथं पोहे खातोय."

"राहिलं असेल हो नानांकडून. फोन करून सांगा."

चिंतामणरावांनी फोन केला तो सांगायला नव्हे, भांडायला. नाना शांतपणे म्हणाले, "अरे, तुझ्या शाखेची माहिती दोनदा पत्र टाकून मागवली. तू उत्तर नाही दिलंस. मग मी काय लिहू?" पत्रं आली होती हे खरं असल्यामुळे चिंतामणरावांचा राग आणखीच वाढला. पाटबंधारे खात्यात असताना ते फायली आपटायचे. आता निवृत्त झाल्यावर आपटायला घरात फक्त रिसीव्हर उरला होता.

नानांची वंशावळ छापखान्यातली होती. तिला उत्तर द्यायचं तर तिच्या वरचं काहीतरी हवं, म्हणून चिंतामणरावांनी कॉम्प्युटर निवडला. त्यांनी स्वतः कॉम्प्युटरला कधी हात लावला नव्हता, पण विश्रामबागेत राजस नावाच्या त्यांच्या ओळखीच्या तरुणाने कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. तिथे चपला बाहेर काढून आत जावं लागे. चिंतामणरावांनी चपला काढल्या, पण राग तसाच आत नेला.

"वंशावळीची तीन सॉफ्टवेअर आहेत माझ्याकडं," राजस म्हणाला. "तुम्ही नवीन आहात सर, तर सोप्यातलं घेऊ."

"सोपं नको. नानाचं तोंड बंद करेल असं पाहिजे."

पहिलं सॉफ्टवेअर एका फ्लॉपीत मावत होतं आणि फुकट होतं. चाळीस नावं भरल्यावर ते थांबलं आणि पुढे सरकेना.

"आमच्या आजोबांना अकरा मुलं," चिंतामणराव म्हणाले. "चाळीस नावं आमची एका पंगतीत संपतात. काढून टाक हे."

दुसऱ्याने प्रत्येक बाईचं माहेरचं नाव मागितलं. शरयूताईंचं माहेरचं नाव मालती. चिंतामणरावांनी दोन्ही नावं सांगितली, आणि संध्याकाळी शरयूताई कौतुकाने बघायला आल्या तेव्हा पडद्यावर नवऱ्याला दोन बायका होत्या. एकीकडे मालती, एकीकडे शरयू.

"ही मालती कोण?" त्यांनी विचारलं.

"तूच की."

"मग ही शरयू कोण?"

"तीपण तूच."

शरयूताईंनी पडदा नीट न्याहाळला. "दोन्ही मुलं मालतीच्या नावावर टाकलीत. माझ्या पदरात एकसुद्धा नाही."

"अगं, मशीनची चूक आहे ती."

"मशीनला कोणी सांगितलं? घरी या मग बोलू," असं म्हणून त्या निघून गेल्या. त्या रात्री चिंतामणरावांना आमटीत मीठ लागलं नाही, आणि मागायची हिंमत झाली नाही. सकाळी दुसरं सॉफ्टवेअरही बाद झालं.

तिसरं अमेरिकन होतं, सीडीवरचं. ते हवी तेवढी नावं घ्यायचं आणि मेलेल्या माणसांच्या चौकोनाला आपोआप काळी जाड कड काढायचं. चिंतामणरावांना ते बघताच आवडलं. फक्त त्याला प्रश्न फार विचारायची खोड होती.

"बाप्तिस्म्याची तारीख मागतंय," राजस म्हणाला.

"मुंजीची घाल."

"पुरल्याची जागा?"

"आम्ही पुरत नाही म्हणावं."

नातेवाइकांच्या तारखा चिंतामणरावांनी फोनवरून गोळा केल्या. वाईच्या मुक्ताआत्याला, म्हणजे वडिलांच्या धाकट्या बहिणीला, त्यांनी जन्मतारीख विचारली. ती चटकन म्हणाली, "वैशाख शुद्ध दशमी, अठराशे सेहेचाळीस." त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि राजसनं जसंच्या तसं भरलं. आजूबाजूला पणजोबा-खापरपणजोबा अठराशेच्याच घरातले होते, त्यामुळे कुणाला काही खटकलं नाही. खटकलं ते फक्त कॉम्प्युटरला. तो टुकटुक वाजला आणि मुलगा झाला तेव्हा आईचं वय शंभराच्या वर असल्याची इंग्रजीत शंका घेऊ लागला.

तोवर चिंतामणरावांचा संयम संपला होता. "सकाळपासून हा आमच्या घराण्यावर संशय घेतोय. गप करता येतं का याला?"

"येतं सर. सूचना बंद होतात."

"कर बंद."

राजसनं केल्या.

तक्ता छापून निघाला तो चिकटपट्टीने जोडल्यावर चांगला सतरंजीएवढा झाला. मधोमध चिंतामणरावांचं नाव ठसठशीत होतं. ते त्यांनी चार वेळा वाचलं, बाकीचं वाचायची गरज त्यांना वाटली नाही. एक प्रत गुंडाळून साताऱ्याला नानांकडे रवाना झाली.

नानांनी तक्ता जमिनीवर पसरला. चुका काढायला ते वरपासून एकेक चौकोन वाचत आले आणि मुक्ताआत्यापाशी थबकले. चौकोनाला काळी कड होती. नानांना वाईट वाटलं, पण त्याहून राग आला. वाई हाकेच्या अंतरावर, आणि आत्या गेल्याचं आपल्याला सांगलीहून कळावं, तेही असं. तक्ता गुंडाळून काखेत मारून, बायकोला घेऊन ते तसेच समाचाराला निघाले.

मुक्ताआत्या अंगणात कुरडया घालत होती. नानांना बघून तिने सोऱ्या खाली ठेवला.

"कोण गेलं रे?"

नाना तिच्याकडे बघत राहिले. "कोणी नाही. सहज आलो."

"दाढी न करता, पांढरा सदरा घालून, असं तोंड करून सहज येतोस? तुझ्या बायकोने तर डोळेपण पुसले आता."

शेवटी नानांच्या बायकोनेच सांगून टाकलं. आत्याने सगळं ऐकून घेतलं, तक्ता ठेवून घेतला, दोघांना चहा केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती नवऱ्याला घेऊन सांगलीला दाखल झाली. दामोदरकाकांच्या हातात पिशवी होती, आत्याच्या हातात तक्ता होता. दारातूनच तिने तो उलगडला.

"चिंतामण, मी कधी मेले?"

चिंतामणरावांनी काळी कड बघितली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "आत्या, अगं, चुकून झालं."

"नानाने तुला विसरून मारलं. तू मला फोन करून, तारीख विचारून मारलंस."

"आणि मला विधुर केलंस," दामोदरकाका म्हणाले. "मला निदान कळवायचं तरी."

"अहो, तुम्ही थांबा. मला बोलू द्या," आत्या म्हणाली.

"तू गप बस. मी चार वर्षांनी मोठा आहे तुझ्यापेक्षा. आधी मी बोलणार." हे वाक्य काका लग्नापासून बोलत आले होते, आणि आत्या त्यावर लग्नापासून गप बसत आली होती. आताही बसली. काका मग इतका वेळ बोलले की शरयूताईंनी निवलेला भात परत गरम केला.

दुपारी सगळे राजसच्या क्लासात गेले. राजसनं आत्याचा चौकोन उघडला आणि कपाळाला हात लावला.

"आजी, हे शके अठराशे सेहेचाळीस का?"

"मग? आमच्या वडिलांनी टिपून ठेवलेलं शकेच होतं."

"मशीननं इंग्रजी साल धरलं. दीडशे वर्षांच्या माणसाला ते मेलेलंच समजतं."

चिंतामणराव राजसवर उखडले. "तुला एवढं कळू नये?"

"मशीन वाजत होतं सर. तुम्हीच गप कर म्हणालात."

चिंतामणराव नुसतेच लाल होत गेले.

राजसनं वैशाखाचा मे केला, शकेत अठ्ठ्याहत्तर मिळवून १९२४ टाकलं आणि बंद केलेल्या सूचनाही चालू केल्या. काळी कड गेली. आत्याने पदराने घाम पुसला. तेवढ्यात राजस पडद्याजवळ सरकला.

"काकांचा जन्म जानेवारी पंचवीसचा ना?"

"शाळेच्या दाखल्यावर आहे तसा," काका म्हणाले.

"आजींचा मे चोवीस येतो."

"मग?"

"मग आजी आठ महिन्यांनी मोठ्या."

काका म्हणाले, "शक्य नाही. लग्न ठरताना चार वर्षांचं अंतर सांगितलं होतं. पत्रिका नव्हती बघितली, पण तिचे वडील आणि माझे वडील मित्र होते."

"म्हणूनच सांगितलं असेल," शरयूताई म्हणाल्या आणि लगेच खिडकीबाहेर बघू लागल्या.

काकांनी आपलं साल इंग्रजीत मोजलं होतं, आत्याने आपलं शकेत. सगळा संसार झाला, नातवंडं झाली, पण ही दोन सालं शेजारी ठेवून बघायचं कुणाला सुचलं नव्हतं. काकांनी बोटांवर महिने मोजले, पुन्हा मोजले, आणि आवाज चढवला.

"हे बदल. पहिलं होतं तेच साल राहू दे."

"काका, त्यात आत्या मेलेली आहे," चिंतामणराव म्हणाले.

"तो कागदाचा प्रश्न आहे. ते आपण बघू नंतर."

आत्या पडद्याकडे बघत होती. तिथली अक्षरं इंग्रजी होती, पण आकडे तिला वाचता येत होते. तिने ते सावकाश वाचले, नवऱ्याकडे वळून बघितलं, आणि तिच्या तोंडावरचा सकाळपासूनचा राग हळूहळू उतरला. मग ती उठली, निऱ्या झटकल्या आणि दाराकडे निघाली.

"चल रे दामोदर," ती म्हणाली. "पिशवी घे, गाडी चुकेल."

काकांनी एकदा राजसकडे बघितलं, एकदा चिंतामणरावांकडे. कुणी त्यांच्याकडे बघेना. त्यांनी पिशवी उचलली.