मुसळाने पकडलेली गळती

"गळती शोधायला पंप थांबवायची गरजच नाही. एक लाकूड आणि एक कान पुरे," असं मी आमच्या ह्यांना सांगितलं. हैदराबादेत पदार्थविज्ञान शिकलेल्या बाईला इतका आत्मविश्वास असतोच.

गोष्ट त्रेचाळीस सालची. हे हिंगोलीच्या एका कापसाच्या जिनात इंजिनिअर. तिथलं घाण पाणी पंप लोखंडी नळातून जोराने ढकलायचा आणि उकंडरावांच्या शेताखालून ते पलीकडच्या ओढ्यात जायचं. वीस वर्षांपूर्वी पुरलेल्या त्या नळाची वाट आता फक्त ह्यांच्या नकाशावर उरली होती. तो कुठेतरी फुटला होता आणि मजुरांच्या वस्तीची विहीर वास मारू लागली होती. वस्तीतली द्वारकाबाई तापातलं लेकरू घरी ठेवून मैलभरावरून पाणी आणत होती. मालक मात्र म्हणत होते, हंगामात पंप बंद होणार नाही.

दाबाचं पाणी फटीतून सुटलं की आवाज करतं. घरातलं सर्वांत सरळ लाकूड म्हणजे मुसळ. ते आणि ह्यांचा नकाशा घेऊन मी जेवणाच्या सुट्टीत नळाच्या वाटेने निघाले. तेव्हा जिन थांबे, पंप चालू राही.

दर दहा पावलांवर मुसळ जमिनीवर टेकवायचं, वरच्या टोकाला कान लावायचा. तिसऱ्यांदा मान वर केली, तर बांधावर उकंडरावांचा सालगडी दगडोबा.

"बाई, काय ऐकून राहिल्या?"

"पाणी."

एवढंच बोलले. विहिरीची जागा दाखवणाऱ्या पाणाड्याला इकडे काय मान असतो, ते विसरले. दहा मिनिटांत अर्धी वस्ती माझ्या मागे. मला त्यांच्या पावलांशिवाय काहीच ऐकू येईना.

"कृपा करून हलू नका."

सगळे चपला काढून जागच्या जागी उभे राहिले. शाळेत शिकवताना मला इतकी शांतता कधी लाभली नव्हती. पुढच्याच ठिकाणी मुसळातून फुसफुस आली, तापल्या तव्यावर थेंब पडावेत तशी.

"इथे आहे."

उकंडराव पुढे झाले. "किती हातावर?"

"दोन."

"दोन! माझ्या बापानं साठ हात खणलं, निस्ता दगड लागला."

"अहो, ते पिण्याचं नाही."

"मचूळ असंल. उसाला चालतंय."

"जिनातलं घाण पाणी आहे ते. हळू खणा."

"पाणाड्यानंच शंका काढू न्हाई, बाई."

तोवर त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी मुसळाला हळदकुंकू लावलं होतं. नारळ फुटला. उकंडरावांनी फेटा आवळून स्वतः कुदळ उचलली. आणि दोन हातांवर, बरोबर दोनच हातांवर, चिखल फाडून कारंजं उडालं ते थेट त्यांच्या फेट्यावर.

ह्यांनी धावत येऊन, पंप चालू असतानाच, फुटक्या सांध्याला रबर गुंडाळून लोखंडी पट्टा आवळला. उकंडराव निथळत उभे होते. त्यांनी बाही हुंगली.

"पानी बराबर लागलं. आता येक जागा बिनवासाची दावा."

विहीर तीनदा उपसली. पंधरा दिवसांत पाणी निवळलं. द्वारकाबाईने पहिला तांब्या मला आणून दिला. मी उकळून प्यायले, पण प्यायले.

कीर्ती पसरली. एके सकाळी हिंगोलीजवळच्या गोरेगावहून बैलगाडी दारात आली. शास्त्र नीट समजावून सांगावं म्हणून मी नकाशा, पेन्सिल घेऊन, पदर खोचून बाहेर आले. गाडीवाल्याने अदबीने हात जोडले.

"तुमी काहून तकलीफ घेता, बाई? मुसळ तेवढं द्या."