फुलीची अंडी

"बसलीय तर बसू दे बिचारीला," एवढंच मार्नी म्हणाली होती. तेही स्वयंपाकघराच्या खिडकीतून, एका खांद्यावर चार महिन्यांचा ओटिस आणि दुसऱ्या खांद्यावर त्यानं नुकतंच बाहेर काढलेलं दूध, अशा अवस्थेत. या अवस्थेत बाईनं कुठलाही निर्णय घेऊ नये. निदान कोंबड्यांच्या बाबतीत तरी.

बसली होती ती टोस्ट. परसातल्या तीन कोंबड्यांपैकी पिवळी आणि लठ्ठ. तीन दिवस ती खुराड्यातल्या पेटीतून हलली नव्हती. हात जवळ नेला की पिसं फुलवून गुरगुरायची. अंगाखाली मात्र काही नव्हतं, नुसतं गवत.

"खुडूक झालीय, अंडी उबवायचं खूळ," मार्नीचा नवरा कर्ट म्हणाला. तो मोबाइलवर वाचत होता. "बादलीभर गार पाण्यात बसवायची म्हणे. खूळ उतरतं."

तो कोंबडीबद्दल बोलत होता हे मार्नीला कळत होतं. तरी तिनं त्याच्याकडे जरा रोखूनच पाहिलं.

"आई, तिला बाळ हवंय," पाच वर्षांची ट्रूडी म्हणाली.

आता, गावच्या नियमात सहा कोंबड्या बसतात, पण कोंबडा बसत नाही. विस्कॉन्सिनमधल्या या गावात पहाटे कुणी आरवायचं नाही, असं नगरपालिकेनं ठरवलंय. (ओटिसला हा नियम लागू नाही.) तेव्हा पिल्लू निघेल अशी अंडी आणायची तर गावाबाहेर, अर्लीनबाईंकडे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या अर्लीनबाईंकडे चाळीस कोंबड्या, दोन कोंबडे आणि प्रत्येक गोष्टीवर एकेक वाक्य तयार असतं.

"सहा देते. घरी गेलीस की प्रत्येकावर पेन्सिलीनं फुली काढ," त्या म्हणाल्या. "तुझ्या बाकीच्या दोघी त्याच पेटीत घुसून अंडी घालणार, हरामखोर असतात. रोज बघायचं. फुली असेल ते ठेवायचं, नसेल ते उचलायचं. एकवीस दिवस. आणि पोरी, तू मध्ये मध्ये लुडबुडू नकोस. तिला येतं सगळं."

'तिला येतं सगळं.' मार्नीबद्दल हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. ओटिससाठी तिनं चार पुस्तकं वाचली होती आणि ती चारही एकमेकांशी भांडत होती.

अंडी तिनं शेजारच्या सीटवर पट्टा लावून घरी आणली. ट्रूडीला समोर बसवून फुल्या काढल्या. "हे बघ, फुली म्हणजे हे आपलं. याला कुणी नेणार नाही. फुली नसेल ते नाश्त्याला."

"नाश्त्याला म्हणजे खायचं?"

"खायचं."

ट्रूडी पेन्सिलीला टोक काढत बसली. म्हणजे पोरीला समजलं, असा मार्नीचा समज झाला.

दुसऱ्या दिवशी ट्रूडीनं शाळेत सांगून टाकलं. संध्याकाळी बालवर्गाच्या मिस प्रुइटचा फोन आला, "किती छान! आम्ही एकवीस कड्यांची कागदी साखळी केलीय. रोज एक कडी फाडायची, सुट्टीच्या दोन सोमवारी. शेवटची फाटली की पिल्लू! ट्रूडी म्हणाली, तुम्ही शब्द दिलाय."

मार्नीनं शब्द दिला नव्हता. पण ओटिस रडत होता, भात करपत होता, आणि 'हो' हा शब्द 'नाही'पेक्षा पटकन संपतो. तेव्हापासून अठरा मुलं रोज सकाळी तिच्या नावानं एक कडी फाडू लागली.

पाचव्या दिवशी टोस्ट पाणी प्यायला उठली तेव्हा मार्नीनं अंडी मोजली. सात. सातही फुलीची. पुन्हा मोजली. सातच. आपण अर्लीनबाईंकडून सातच आणली असणार, असं तिनं स्वतःला समजावलं. आठव्या दिवशी नऊ झाली.

तिच्याकडे एक वही होती. त्यात ओटिसच्या दुधाच्या, झोपेच्या आणि लंगोटांच्या वेळा असायच्या. आता टोस्टच्याही होत्या. 'सव्वासात : उठली, प्यायली, मोठी शी, परत बसली.' ही नोंद दोघांपैकी कुणाची, ते दोन दिवसांनी तिलाच सांगता येईना. अशा वहीवर भिस्त ठेवणाऱ्या बाईनं अंड्यांच्या आकड्यावरून कुणाशी भांडायचं कोणत्या तोंडानं?

"कर्ट, मी किती अंडी आणली होती?"

"सहा म्हणालीस ना?"

"आता अकरा आहेत."

कर्टनं तिच्याकडे पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यानं इतक्या हळू आवाजात विचारलं, "मार्नी, तू दुपारी जरा पडत जाशील का?"

मग तिनं कुणाला सांगणंच सोडलं. कर्ट मात्र आठवडाभर कुरकुरत होता, "घरात तीन कोंबड्या आणि मी दुकानातून अंडी आणतोय. लोक हसतात." दोन कोंबड्यांनी एकाएकी अंडी देणं कमी का केलं, याचा विचार मार्नीनं केला नाही असं नाही. केला. आणि आपल्या काळजीचा वास त्यांनाही लागला असेल, असा निष्कर्ष काढला.

अठराव्या दिवशी अर्लीनबाई स्वतःच टपकल्या. टोस्टला त्यांनी उशी उचलावी तशी उचलली आणि खाली बघतच राहिल्या.

"तेरा? मी सहा दिली होती ना गं?"

"सहाच दिली होती?" मार्नी जवळजवळ किंचाळली. "नक्की सहा?"

"सहा. आणि या फुल्या बघ. काही सरळ, काही वाकड्या. ही तर चांदणी वाटतेय."

दोघींनी एकदमच मागे वळून पाहिलं. खुराड्याच्या दाराशी ट्रूडी उभी होती. तिच्या हातात पेन्सिल दिसत नव्हती, कारण तिनं ती पाठीमागे धरली होती.

"ती नाश्त्याला जाणार होती," ट्रूडी म्हणाली. "मग मी त्यांनापण आपली केली."

खरं तर इथे आईनं रागवायला हवं होतं. मार्नीच्या तोंडून मात्र निघालं, "म्हणजे मला मोजता येतं!" आणि ती खुराड्यातच खाली बसून हसायला लागली. हसणं नेमकं कुठे थांबलं आणि रडणं कुठे सुरू झालं, ते अर्लीनबाईंनी बघितलं नाही असं दाखवलं.

"एवढी अंडी एका कोंबडीच्या पोटाखाली मावत नाहीत," त्या म्हणाल्या. "फिरवताना कडेची गार पडतात. चल, बॅटरी आण."

कोटांच्या कपाटात शिरून, दार लावून दोघींनी एकेक अंडं बॅटरीवर धरलं. उजेड आरपार गेला की रिकामं. आत काळोख दिसला तर जीव. तेरापैकी एकाच्या आत काळोख होता. त्या काळोखात काहीतरी सरकलं.

"एक," अर्लीनबाई म्हणाल्या.

"बाकीची?" दाराबाहेरून ट्रूडीनं विचारलं.

"बाकीची बसून बसून दमली गं, सोन्या," अर्लीनबाई म्हणाल्या. मार्नीला ते फारच पटलं.

शुक्रवारी शाळेत शेवटची कडी फाटली. अंडं तसंच. दुपारी घरी आलेल्या ट्रूडीनं दप्तर टाकलं आणि म्हणाली, "मी सांगितलं, आईनं शब्द दिलाय, म्हणजे येणार." तिनं आईवर ओरडायला हवं होतं. ते ऐकणं मार्नीला सोपं गेलं असतं. त्या संध्याकाळी मार्नी खुराड्याशी सहा वेळा गेली आणि सहाही वेळा टोस्टनं तिच्याकडे, तुम्हांला दुसरं काम नाही का, अशा नजरेनं पाहिलं.

शनिवारी दुपारी आतून बारीक चिवचिव आली. टोस्टच्या पंखाखालून एक ओलं, वाकडं डोकं बाहेर आलं, जगाकडे बघून परत आत गेलं. ट्रूडीनं आईचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

सोमवारी शाळेत जाऊन मुलांना पिल्लाचा व्हिडिओ दाखवायचा असं ठरलं. सकाळी निघण्याआधी ओटिसला दूध पाजता पाजता मार्नी सोफ्यावर दहा मिनिटं बसल्या बसल्या झोपली. मग धडपडत उठली, डाग नसलेला एकुलता एक शर्ट अंगावर चढवला. दारात कर्टनं तिच्याकडे नीट पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं आणि गाडीची किल्ली हातात दिली.

वर्गात ती छान बोलली. फुली, एकवीस दिवस, बॅटरी, काळोख. अठरा मुलं टक लावून ऐकत होती. पडद्यावरच्या पिल्लाकडेसुद्धा बघत नव्हती, तिच्याकडेच बघत होती. कित्येक महिन्यांनी मार्नीला वाटलं, मला येतं काहीतरी.

शेवटी पहिल्या रांगेतल्या एका मुलानं हात वर केला.

"ट्रूडीची आई, तुमच्यातून कधी निघणार?"

"काय रे?"

"पिल्लू."

मिस प्रुइटनं हळूच पर्समधला छोटा आरसा पुढे केला. मार्नीच्या कपाळाच्या मधोमध, हिरव्या मार्करची, ठसठशीत फुली होती.

"तुला कुणी नेऊ नये म्हणून," ट्रूडी अभिमानानं म्हणाली. "ओटिसला पायावर काढलीय."

मार्नीचे डोळे भरून आले. घरी पोहोचेपर्यंत ती अधूनमधून गाडीच्या आरशात बघत राहिली, पुसायला हातच जाईना. दारात कर्ट भेटला तेव्हा मात्र तिला आठवलं.

"अरे, सकाळी तू बघितलं होतंस ना? सांगायचं तरी!"

"बघितलं," कर्ट म्हणाला. "पण मला वाटलं, तूच काढलीयस."